कुणाची तरी लेक

शांत बसलं की देव आत बोलतो, असं सांगणाऱ्या माणसांत मी लहानाची मोठी झाले. खरं सांगायचं तर आयुष्यातली कितीतरी वर्षं मी शांत बसले आणि तो काही बोलला नाही. माझं मागणं एकच होतं. मला माझी माय हवी होती. ती भेटणार नसेल तर निदान एवढं तरी कळावं, की ती मला टाकून गेली की मी तिच्या हातून हरवले. लहानपणी हा प्रश्न भुकेसारखा लागायचा. पुढे लग्न झालं, संसार मांडला, तरी तो गेला नाही. चूल पेटवताना, पाणी भरताना तो माझ्यासोबत असायचा. दर रविवारी डोळे मिटून बसलं की आधी तो यायचा, मग देवाचं नाव यायचं.

मोठ्या दुष्काळात आम्ही घर सोडलं तेव्हा मी फार लहान होते. गावाचं नाव मला आठवत नाही. बाप वाटेत गेला हे आठवतं, कारण मायनं त्याच्या अंगावर स्वतःचं अर्धं लुगडं फाडून घातलं होतं. पुढे रेल्वेच्या रस्त्याला एक अन्नछत्र होतं. तिथल्या गर्दीबाहेर मायनं मला एका बाभळीखाली बसवलं आणि म्हणाली, "हलू नगंस. दानं मिळत्यात का बगून येते." मी हलले नाही. ऊन डोक्यावर आलं आणि कललं, तरी हलले नाही. मग कुणीतरी उचलून मला बैलगाडीत ठेवलं. गाडीत माझ्यासारखी पुष्कळ पोरं होती. माय म्हणून माझ्यापाशी उरला तो एक स्पर्श. तिला देवी येऊन गेल्या होत्या. तिच्या गालांवरचे वण माझ्या बोटांना ठाऊक होते. झोप येईपर्यंत मी ते चाचपत असे.

अनाथ मुलींना आगगाडीनं उत्तरेला, नर्मदेच्या काठच्या एका आश्रमात नेलं. तो आश्रम क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा होता. ते स्वतःला नुसतं 'मित्र' म्हणवीत. त्यांच्या प्रार्थनेच्या घरात ना क्रूस, ना वेदी, ना पाद्री. बाकांवर सगळे गप्प बसत. बाई असो की पुरुष, ज्याला आतून सांगणं होईल त्यानं उठून दोन शब्द बोलावेत, नाहीतर गप्पच उठून घरी जावं. सुरुवातीला आम्हा मुलींना त्या शांततेत हसू फुटायचं. मग हळूहळू रडू यायला लागलं, आणि ज्या मुलीला रडू येई तिच्या शेजारी हन्नाबाई येऊन बसत.

हन्नाबाई म्हणजे आमची तिथली आई. राखी रंगाचा साधा झगा, पांढरी टोपी, अंगावर एक दागिना नाही. आमच्या केसांतल्या उवा काढता काढता त्या आपल्या घरच्या गोष्टी सांगत. त्यांच्या थंड मुलखात वडिलांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला कापड दाखवताना वडील त्यातली खोट आधी दाखवीत, मग भाव सांगत. त्यांच्या घरात शपथ घेत नसत, कारण शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलायची मुभा घेतल्यासारखंच झालं, असं वडील म्हणत. हन्नाबाईंची आजी प्रार्थनेत उठून बोलायची आणि मोठमोठे पुरुष माना खाली घालून ऐकायचे. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळे. पण धाकट्या बहिणीची गोष्ट सांगताना त्यांची फणी मध्येच थांबत असे. त्या बहिणीनं एका शिपायाशी लग्न केलं होतं. हे लोक शस्त्राला हात न लावणारे, आणि पंथाबाहेर लग्न करणाऱ्याला त्या काळी मंडळीतून काढून टाकीत. तिला काढलं. वडिलांनी तिचं नाव पुन्हा घेतलं नाही. पुढे हन्नाबाई लग्न करून हिंदुस्थानात आल्या. इथं त्यांचे यजमान तापानं गेले, दोन्ही लेकरं गेली, तिघांनाही नर्मदेकाठी पुरलं. त्या मायदेशी परतल्या नाहीत. बहीण कुठे आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी एकदा त्यांना विचारलं, "तुम्ही एवढं शांत बसता, देव तुम्हाला बहिणीचं काही सांगतो का?"

त्या म्हणाल्या, "सांगत नाही, बेटी. पण मी तिची आठवण घेऊन त्याच्याजवळ बसते. तो उठून जा म्हणत नाही."

तेव्हा मला ते फार अपुरं वाटलं होतं.

माझं लग्न आश्रमानंच जमवलं. यजमान मराठी ख्रिस्ती, निजामाच्या मुलखातले, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. त्यांची बदली बीड जिल्ह्यात झाली तेव्हा मला वाटलं, आता देव बोलणार. आश्रमातल्या मराठी मुलींमुळे माझी भाषा टिकली होती, पण बीडकडच्या बाजारात बायकांचं "लई", "न्हाई" कानावर पडलं आणि मी रस्त्यातच उभी राहिले. ही मायची बोली होती. हाच मुलूख होता.

आम्ही नेकनूरजवळच्या एका गावात राहू लागलो. हे मोठ्या आवाजात भजनं गाणारे, त्यांना माझी मुकी उपासना उमगत नसे. "तुझा देव बहिरा नाही ना गं, इतकं गप्प बसतेस ते?" असं थट्टेनं म्हणायचे, पण रविवारी सकाळी घरात भांडं वाजू देत नसत. मी ओट्यावर एकटी बसायची. आश्रमात शंभर जणींबरोबर बसलेलं वेगळं आणि हे वेगळं. सोबतीची शांतता अंगावर पांघरुणासारखी असते. एकटीची मला उघड्यावर बसल्यासारखी वाटे. गावातल्या बायका आधी समजल्या, कंपाउंडरीनबाई नवऱ्यावर रुसून बसते. शेजारची वाणीण लिंगायत होती. ती रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन एकटक बघत बसे. तिनंच बायकांना सांगितलं, "रुसलेली न्हाई गं ती. पूजा करती."

मायचा माग काढायला माझ्यापाशी एकच आठवण होती. कुठल्यातरी जुन्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर दगडी बायका कोरल्या होत्या आणि मायनं मला उचलून त्यातल्या एकीच्या पायाला हात लावायला लावला होता. कुणीतरी म्हणालं, असं देऊळ धर्मापुरीला आहे. यांनी रजा काढली, आम्ही बैलगाडीनं गेलो. देऊळ पाहिलं आणि मी धावत बाहेरच्या भिंतीपाशी गेले. दगडी बायका होत्या. पण हीच ती भिंत, असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येईना. लहानपणीची आठवण, तिच्यात इच्छा किती आणि खरं किती, कोण सांगणार? गावात दारोदार विचारलं. देवळाचा म्हातारा गुरव कळवळून म्हणाला, "बाई, त्या सालात गावंच्या गावं उठली. कोन कुनाचं ध्यान ठेवनार? ज्येंनी ठेवलं असतं तीबी गेली." पायरीवर एक कासार बांगड्यांची पेटी उघडून बसला होता. त्यानं सगळं ऐकलं, मला खूण विचारली, कुठं राहता म्हणून विचारलं. मी सांगितलं आणि विसरून गेले.

त्यानंतर हन्नाबाई वारल्याची बातमी आली. मला जाता आलं नाही. त्या रविवारी मी ओट्यावर बसले आणि पहिल्यांदा मनात म्हणाले, आता मी कशाला बसू? एका आईचं काही सांगितलं नाहीस, दुसरी घेऊन गेलास. मी उठून आत गेले. पुढचे पुष्कळ रविवार मी बसले नाही. हे फक्त एकदा म्हणाले, "ओटा झाडून ठेवत जा. बसायचं मन झालं तर जागा स्वच्छ असलेली बरी."

मग गाठीचा ताप आला. आधी घराघरांत उंदीर मरून पडले, मग माणसं. तहशिलीतून हुकूम आला आणि गाव माळावर झोपड्या घालून राहायला गेलं. यांना बीडला रोग्यांच्या छावणीवर नेमलं. मला एकटीला सोडून जाताना त्यांचा पाय निघत नव्हता, पण तिथं औषध देणारं माणूस हवंच होतं. मीच म्हणाले, जा. ते गेले आणि थोड्याच दिवसांत माझ्या काखेत गाठ आली.

माळावरच्या लोकांना मी दोष देत नाही. प्रत्येक झोपडीत लेकरं होती. वाणीण लांबून तांब्या ठेवून हाका मारायची, पण मला उठवत नव्हतं. ताप इतका चढला की झोपडीचं कूड माझ्या अंगावर येतंय असं वाटे. मला वाटतं, त्या अवस्थेत मी प्रार्थना केली नाही. मी फक्त माय, माय म्हणत होते. आणि केव्हातरी कुणीतरी उत्तर दिलं, "हां, बाळा. हितंच हाय मी."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कपाळावर ओलं फडकं. काखेत गरम पोटीस, त्याचा चटका. तोंडाशी धरलेली ज्वारीची आंबील आणि "येक घोट, आनि येक" म्हणणारा घोगरा आवाज. कुणीतरी माझं अंग पुसत होतं, लुगडं बदलत होतं, कुशीवर वळवत होतं. गाठ फुटली तेव्हा मी किंचाळले आणि त्याच हातांनी मला दाबून धरलं. मी परत परत माय म्हणत होते आणि दर वेळी तेच उत्तर येत होतं. मला जराही नवल वाटत नव्हतं. माय होती, म्हणून ती होती.

एके सकाळी डोळे उघडले तेव्हा ताप उतरला होता. दारातून कोवळं ऊन आत आलं होतं आणि एक म्हातारी पाठमोरी बसून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. अंगावर शेतकरणीचं जाडंभरडं लुगडं, पायांना फुटलेल्या भेगा. मी हलले तशी ती वळली. माझी नजर आधी तिच्या गालांवर गेली. गाल सुरकुतलेले होते, पण त्यांवर देवीचा एकही वण नव्हता.

ती भाकरी तशीच सोडून जवळ आली आणि बसली. पीठ लागलेले हात तिनं मांडीवर धरले होते. म्हणाली, "आता सुद हाय का? येक इचारू का तुला?"

"विचारा," मी म्हणाले.

"मी आष्टीकडची. गिरजा माजं नाव. मोठ्या दुस्काळात माजी सखू हरवली. झाडाखाली बसवून मी पानी आनाया गेलते. आले तर पोर न्हाई. कुनी म्हनलं, पोरांची गाडी भरून नेली. लई पळले गाडीमागं. परत त्याच झाडाखाली यिऊन बसले, किती दिस बसले ते देवाला ठावं. मग बाजारात कासार म्हनला, नेकनुराकडं येक बाई हाय, दुस्काळातली, माय हुडकती. म्हनून चालत आले." तिनं श्वास घेतला. "तू माजी सखू हायस का?"

आयुष्यात इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नाही. माझं सगळं मन हो म्हणायला धावलं. हो म्हणाले असते तर कोणाचं काय जाणार होतं? तिला लेक मिळाली असती, मला माय. ती थकलेली, मी पोरकी, आणि दोघींनाही हेच ऐकायचं होतं. पण ज्या घरात कापडातली खोट आधी दाखवतात, त्या घरच्या बाईनं मला वाढवलं होतं. मी डोळे मिटले. आतून काही सांगणं होतंय का पाहिलं. काही झालं नाही. फक्त तिच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि मला कळलं, की या बाईला मी खोटं देऊ शकत नाही. तिनं मला फार खरं काही दिलं आहे.

"नाही," मी म्हणाले. "माझ्या मायच्या तोंडावर देवीचे वण होते. मी तुमची सखू नाही."

मला वाटलं ती मोडून पडेल. तिनं मान हलवली. मग म्हणाली, "ठावं हाय मला. सखूच्या डाव्या दंडावर चुलीचा डाग हुता, ह्यो येवडा. आले त्याच दिशी तुजं आंग पुसलं तवाच बगितलं. पर येकदा इचारावं वाटलं."

"पहिल्याच दिवशी?" मी विचारलं. "मग राहिलात कावून? गाठीचा रोग हाय. सगळी लांब पळत्यात. तुमी कावून ऱ्हायलात?"

इतक्या वर्षांनी मायची बोली माझ्या तोंडी आपोआप आली. तिनं उठून चुलीवरची भाकरी उलटली. ती थोडी करपली होती. पाठमोरीच म्हणाली, "तू माय माय करीत हुतीस. माजी न्हाईस, पर कुनाची तर लेक हायसच की."

मी त्या झोपडीत खूप रडले. तिनं मला रडू दिलं. ती पळत गेली होती गाडीमागं. परत झाडाखाली येऊन बसली होती. ज्या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं मागत होते, ते मला त्या दिवशीही मिळालं नाही. माझ्या मायचं काय झालं हे मला आजही ठाऊक नाही. पण पोर हरवलेली माय काय करते, हे मी एका मायच्या तोंडून ऐकलं. त्या दिवसापासून 'ती मला टाकून गेली' हा विचार माझ्या मनात पुन्हा उभा राहिला नाही.

हे छावणीवरून परतले तेव्हा आम्ही दोघी उन्हात बसून मटकी निवडत होतो. यांनी आधी मला पाहिलं, मग तिच्या पाया पडले. ती घाईनं पाय मागे घेत म्हणाली, "आता मी जाते. मानूस आलं तुजं." मी म्हणाले, "माय, जाऊ नगंस." मी तिला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि पुन्हा मटकीला हात घातला.

ती राहिली ती शेवटपर्यंत. आष्टीकडे तिचं कुणी उरलं नव्हतं. गावात कुजबुज झाली, कुणब्याची बाई किरिस्तावाच्या घरी राहते म्हणून. तिनं परसात आपली चूल वेगळी मांडली, सोमवारचा उपास धरला, महादेवाला बेल वाहिला. यांनी कधी त्यावर अक्षर काढलं नाही, उलट बेल तेच आणून देत. मग एका पावसाळ्यात तिची चूल भिजली. ती ताट घेऊन आमच्या चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "वाड की." त्यानंतर वेगळी चूल पुन्हा पेटली नाही.

मी पुन्हा ओट्यावर बसू लागले. पहिल्या रविवारी ती भिंतीला टेकून बघत राहिली. दुसऱ्या रविवारी शेजारी बसली. "काय म्हनायचं?" तिनं विचारलं. काही नाही, मी सांगितलं. आतून आलंच तर बोलायचं. "बरं," ती म्हणाली आणि बसली. तिच्या मनात महादेव असेल, माझ्या मनात प्रभू. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. पण नर्मदेकाठी सोडून आलेली ती सोबतीची शांतता मला त्या ओट्यावर परत मिळाली.

असंच वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका रविवारी आम्ही बसलो होतो, आणि शांततेतून तिचा घोगरा आवाज आला. हात जोडलेले नव्हते, डोळेही उघडेच होते. ती म्हणाली, "देवा, हिची माय आसंल तितं तिला कुनीतरी ऊन भाकर दिऊ दे."

एवढंच. मी आश्रमात कितीतरी विद्वान मंडळींची बोलणी ऐकली होती. पण देव बोलला असं मला आयुष्यात कधी वाटलं असेल तर ते त्या सकाळी. आणि तो माझ्याशी बोलला नाही. माझ्याबद्दल दुसऱ्याच्या तोंडून स्वतःशीच बोलला, असं काहीसं मला वाटलं. हे मला नीट सांगता येत नाही. मी सांगायचा हट्टही धरत नाही.

गिरजामाय गेली त्याला आता बराच काळ झाला. शेवटच्या दुखण्यात ती मला सखू म्हणून हाक मारायची. मी "हां, माय, हितंच हाय मी" म्हणत असे. त्यात खोटं काही नव्हतं. मी तिथंच होते.

पूर्वी मी देवापाशी माझी गोष्ट मागत बसायची आणि ती मिळाली नाही की तो मुका आहे म्हणायची. आता मागणं थांबलं आहे असं नाही. मायची ओढ तशीच आहे. म्हातारपणीही माझी बोटं झोपेत ते वण शोधतात. पण ती ओढ मी आता मुठीत धरून बसत नाही, त्याच्यापुढे ठेवून बसते. कुणाची हाक कुणापर्यंत पोचवायची हे त्यालाच ठाऊक. आष्टीकडच्या एका बाईची आपल्या लेकीसाठीची पायपीट त्यानं माझ्या दारी आणली. मग माझं मायसाठीचं रडणंही वाया गेलं नसेल. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी बाजेवर माझी माय शेवटी पडली असेल, तेव्हा तिच्या उशाशी कुणाची तरी लेक बसली असेल आणि तिनं मायच्या खडबडीत गालांवरून हात फिरवला असेल. रोज सकाळी मी त्या अनोळखी लेकीसाठी देवाचे आभार मानते.